सेकंडहँड सामान ऑनलाइन घेतलंय, आता विक्रेत्याला फीडबॅक काय द्यायचा? बेळगाव भागातल्या नवख्यांसाठी

नवीन मिक्सर घेतला तर त्याच मॉडेलबद्दल हजारो लोकांनी आधीच लिहिलेलं असतंय, विक्रेता कुठला का असेना डब्यातला मिक्सर तोच. सेकंडहँडमध्ये तसं नसतंय. ती एक पेटी (हार्मोनियम), ती एक लेन्स, ते एक मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं हत्यार) एकच असतंय आणि ते आता तुमच्या घरी येऊन पडलंय, म्हणजे त्या वस्तूबद्दल पुढच्या माणसाला कळून काही उपयोग नाही. त्याला कळायला पाहिजे ते एवढंच की हा विक्रेता जसं सांगतो तसं पाठवतो का आणि काही बिनसलं तर फोन उचलतो का. फीडबॅक ठरवताना हे एकच डोक्यात ठेवायचं, बाकी सगळं त्याच्यातूनच निघतंय.

आपल्या भागात हे जास्त महत्त्वाचं आहे असं मला मनापासून वाटतं. निपाणी-संकेश्वरची माणसं कोल्हापूरच्या जाहिराती बघतात, खानापूरची गोव्याच्या, बेळगावातली पोरं पुणे, हुबळी, बेंगळूर सगळीकडून मागवतात. विक्रेता समोर दिसत नाही, भाषा कधी मराठी कधी कन्नड कधी हिंदी, ओळखीचं कुणी मधे नाही. शनिवार खुटाला जुनी सायकल घेताना चाक फिरवून बघता येतंय, चेनला हात लावता येतोय, इथं ते नाही. आधीच्या लोकांनी काय लिहिलंय त्याच्यावरच पैसे पाठवायचे असतात. म्हणून तुम्ही लिहाल ते नीट लिहा एवढीच विनंती, आणि ते कसं करायचं ते खाली सविस्तर सांगतो.

१. आधी हाताशी काय काय ठेवायचं

फीडबॅकचं काम पैसे भरायच्या आधी सुरू होतंय, हे पुष्कळ लोकांना माहीतच नसतंय. वस्तू विकली की बऱ्याच ठिकाणी जाहिरात गायब होते आणि मग "तुम्ही असं लिहिलं होतं" "मी कुठं लिहिलं होतं" असं सुरू होतंय. त्यामुळं हे सगळं मोबाइलमध्ये एका फोल्डरला टाकून ठेवा:

- जाहिरातीचा पूर्ण स्क्रीनशॉट, वर्णनासकट. "अजून वाचा" दाबून सगळा मजकूर उघडल्यावर घ्या, अर्धवट नको.
- जाहिरातीतले सगळे फोटो वेगळे सेव्ह करून.
- चॅट, पहिल्या "अवेलेबल आहे का" पासून शेवटपर्यंत. फोनवर बोलणं झालं असेल तर लगेच मेसेज टाका, "आता बोललो तसं, पेटीचा भाता गळत नाही आणि पार्सलचा खर्च तुमचा, बरोबर ना?" समोरचा "हो" म्हणाला की झालं.
- पेमेंटची पावती. यूपीआय असेल तर त्यातला १२ आकडी यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा ओळख नंबर) दिसला पाहिजे.
- कुरिअरचा ट्रॅकिंग नंबर, किंवा ट्रान्सपोर्टनं आलं असेल तर एलआरची (ट्रान्सपोर्टवाल्याच्या पावतीची) कॉपी.
- पार्सल फोडतानाचा व्हिडिओ. सुरुवातीला लेबल दाखवा, मग सहाही बाजू, मग फोडा, मधे व्हिडिओ थांबवू नका.
- वस्तूचे दिवसाच्या उजेडातले फोटो, ट्यूबलाइटखाली गंज आणि ओरखडे नीट दिसत नाहीत.
- मोबाइल घेतला असेल तर आयएमईआय नंबर, म्हणजे त्या मोबाइलचा स्वतःचा ओळख नंबर. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश डायल केलं की दिसतो. केवायएम लिहून एक स्पेस सोडून तो नंबर १४४२२ ला एसएमएस करा, काळ्या यादीतला असला तर कळतंय.

२. तारे कुणाला देताय ते बघा

ज्या पानावर तुम्ही आलाय तिथं नक्की कुणाबद्दल विचारतायत ते आधी वाचा. ॲमेझॉनवर वस्तूचा रिव्ह्यू वेगळा आणि विक्रेत्याचा फीडबॅक वेगळा, पण लोक विक्रेत्याचा राग वस्तूच्या पानावर काढतात आणि तो विक्रेता तसाच चालू राहतो. ईबेवर पॉझिटिव्ह, न्यूट्रल, निगेटिव्ह असे तीन शेरे आहेत आणि शिवाय वस्तू वर्णनाप्रमाणे होती का, बोलणं कसं होतं, पाठवायला किती वेळ लावला, पाठवायचा खर्च योग्य होता का, असे चार वेगळे तारे. ईबेची भारतातली साइट २०१८ ला बंद झाली पण बाहेरच्या साइटवरून जुन्या लेन्स, पोस्टाची तिकिटं, ग्रामोफोनच्या तबकड्या मागवणारी माणसं आपल्याकडं अजून आहेत, त्यांच्यासाठी हे सांगतोय. फेसबुक मार्केटप्लेसवर घेणारा आणि देणारा दोघंही एकमेकांना तारे देऊ शकतात. तिथं तुम्ही "फायनल किती" विचारून तीन दिवस गायब झालात तर तेही तुमच्या नावावर लिहिलं जाऊ शकतंय, हे लक्षात असू द्या.

आणि मधे चार हात असतात. विक्रेता, त्याचं पॅकिंग, कुरिअर, ॲप. पॅकिंग विक्रेत्याच्याच खात्यात धरा, कारण खोक्यात वर्तमानपत्र किती कोंबायचं हे त्याच्याच हातात असतंय. कुरिअरवाल्यानं तुमच्या दारात न येताच "घरी कुणी नव्हतं" असं टाकलं तर ते कुरिअरचं. रिफंड ॲपकडं अडकला तर ते ॲपचं. बाहेरच्या देशातून मागवलं आणि कस्टम ड्युटी पडली तर त्यात विक्रेत्याचा काय दोष? तो तिकडं बसून आपली ड्युटी कशी काय ठरवणार.

३. वस्तू लगेच तपासा, पण लगेच लिहू नका

हे दोन्ही एकदम वाचायला उलटं वाटतंय पण करायचं असंच. तपासायचं त्याच दिवशी, कारण तक्रारीची मुदत चालू झालेली असते. लिहायचं थोडं वापरून झाल्यावर.

एक उदाहरण जरा खोलात सांगतो. खानापूर तालुक्यातल्या एका भजनी मंडळासाठी जुनी पेटी ऑनलाइन बघून दिली होती, विक्रेता घाटाच्या वरचा, कोरड्या भागातला. जाहिरातीत लिहिलेलं "डबल रीड, सूर बरोबर, भाता एकदम टाइट". पेटी आली ऐन पावसात. खानापूरकडचा पाऊस म्हणजे आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, तर पेटी आली ती दोन-तीन पट्ट्या दाबल्या की वर येईचनात. मंडळातली माणसं चिडली, साहजिक आहे, वर्गणीचे पैसे होते, आत्ताच एक तारा टाका म्हणून मागं लागली. थांबायला सांगितलं. पेटी कोरड्या खोलीत, जमिनीपासून वर, झाकण उघडं ठेवून ठेवली आणि काही दिवसांत पट्ट्या आपोआप मोकळ्या झाल्या. दमट हवेत लाकूड फुगतंय आणि पट्ट्या अडकतात, ते काही विक्रेत्यानं केलेलं नव्हतं.

पण भात्याचं तसं नव्हतं. सगळे स्टॉप (पुढच्या ओढायच्या खुंट्या) बंद केले, हाताला दाब लागेपर्यंत भाता मारून हवा भरली, थोडं थांबलो आणि परत मारून बघितलं, तर भाता मोकळाच जायला लागला, म्हणजे कुठंतरी गळती. आत बघितलं तर घडीच्या कोपऱ्यातलं चामडं सुटलेलं आणि वरून जुन्या डिंकाचा पिवळा थर, म्हणजे आधी कुणीतरी चिकटवून बघितलेलं. हे चार दिवसांच्या पावसानं होत नाही. "भाता एकदम टाइट" हा त्याचा शब्द होता आणि तो खरा नव्हता. म्हणजे एकाच पेटीत एक दोष हवेचा आणि एक विक्रेत्याचा निघाला. पहिल्या दिवशी लिहिलं असतं तर पट्ट्यांबद्दल लिहिलं गेलं असतं आणि भाता राहून गेला असता. पुढं काय झालं ते सहाव्या पायरीत येतंय.

४. जाहिरात समोर ठेवून एकेक ओळ ताडून बघा

कागद घ्या, तीन रकाने करा. विक्रेत्यानं काय लिहिलं, फोटोत काय दिसत होतं, आणि तुम्ही मनानं काय धरून चाललात. वस्तू पहिल्या दोन रकान्यांपेक्षा वेगळी निघाली तर जबाबदार विक्रेता. तिसऱ्या रकान्यातलं काही नाही मिळालं तर त्याचे तारे कापू नका.

फोटोत ओरखडा दिसत होता पण लिहिला नव्हता? मी तो सांगितलेलाच धरतो. उलट फोटोच अशा बाजूनं काढलाय की मोडका कोपरा दिसूच नये, आणि लिहिलंय "एकदम नवीसारखी", तर मात्र सरळ कमी तारे. लपवणं आणि न सुचणं यात फरक असतोय आणि तो फोटोवरून बहुतेक वेळा कळतोय.

इथं एक गोष्ट फार बघायला मिळते, वस्तूची माहिती नसल्यानं चांगल्या विक्रेत्याला खराब शेरा. उद्यमबागेत (बेळगावच्या कारखान्यांच्या भागात) नव्यानं लागलेली पोरं जुने मायक्रोमीटर, व्हर्नियर ऑनलाइन घेतात, नवीन जपानी मायक्रोमीटर महाग पडतो म्हणून. शून्य ते पंचवीसवाला मायक्रोमीटर आला, रॅचेटनं (टोकाच्या छोट्या मुठीनं) बंद केला आणि शून्याची रेघ जुळेना, एखादी रेघ पुढं. लगेच "खराब माल, चुकीचं माप दाखवतो" असं लिहून मोकळे. अरे, आधी दोन्ही तोंडांत स्वच्छ कागद धरून हळू ओढून पुसून घ्या, कधी कधी तेलाचा थरच असतोय. तरीही फरक राहिला तर छोट्या हुक पान्यानं स्लीव्ह (रेघांची आतली नळी) फिरवून शून्य जुळवता येतंय, वर्कशॉपमधल्या कुठल्याही जुन्या फिटरला विचारा, तो दोन मिनिटांत करून देईल. शून्याचा फरक हा सेटिंगचा भाग झाला. पण रॅचेट घसरतच नाही, तोंडाची कड उडालीय, थिंबल (बाहेरची फिरती नळी) फिरवताना मधेच जड मधेच सैल लागतंय, आणि जाहिरातीत "ओके वर्किंग" होतं, तर तो दोष खरा आणि तो लिहिलाच पाहिजे. म्हणजे फीडबॅक द्यायच्या आधी त्या वस्तूतल्या जाणत्या माणसाला एकदा दाखवा, आपल्याकडं अशी माणसं गल्लोगल्ली आहेत, विचारायला पैसे पडत नाहीत.

इंजिनिअरिंगच्या पुस्तकांचंही तसंच. व्हीटीयू (इंजिनिअरिंगचं विद्यापीठ) आपल्याच गावात असली तरी पुस्तकं सगळ्या कर्नाटकातून येतात, आणि स्कीम म्हणजे अभ्यासक्रम बदलत राहतो. जाहिरातीत २०१८ स्कीम लिहिलेलं असताना तुम्ही २०२२ साठी घेतलंत तर तो तिसरा रकाना झाला.

५. उशीर झालाय तर आधी पत्ता बघा

या पायरीवर थोडा वेळ काढणार आहे कारण आपल्या भागात निम्मी भांडणं इथंच होतात असं मला दिसलंय.

आपला पिनकोड ५९ नं सुरू होतो. पहिला आकडा ५ म्हणजे कर्नाटक, आंध्र, तेलंगणाकडचा विभाग, महाराष्ट्र आणि गोवा ४ मध्ये येतात. मराठीत लिहिलेला पत्ता बघून विक्रेत्यानं राज्य "महाराष्ट्र" टाकलं आणि पिन ५९ चा, तर पार्सल मधेच कुठंतरी अडकून बसतंय. दुसरं म्हणजे गावांची नावं. शहापूर म्हणाल तर बेळगावचं शहापूर आहे, ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुका आहे, यादगीर जिल्ह्यातही शहापूर आहे. वडगाव तर किती असतील. शिवाय १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं, पण कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये जुनं नाव आहे कुठल्यात नवं, मशीनला त्या दोघांचा मेळ बसत नाही. म्हणून पत्त्यात गल्ली, जवळची खूण, तालुका, जिल्हा, राज्य आणि पिन सगळं पूर्ण लिहा, इंग्रजीत लिहा, आणि विक्रेत्यानं लेबल चिकटवल्यावर त्याचा फोटो मागवा. चांगला विक्रेता देतो.

आता पार्सल उशिरा आलं तर ट्रॅकिंग उघडून फक्त दोन तारखा बघा. पैसे मिळाल्यापासून विक्रेत्यानं कुरिअरकडं कधी दिलं ती एक, आणि तिथून तुमच्याकडं कधी आलं ती दुसरी. पहिला काळ विक्रेत्याचा, दुसरा वाटेचा. दोन दिवसांत पाठवतो म्हणून दहा दिवस घरातच ठेवलं असेल तर लिहा तसं. पण वाटेत जांबोटी-कणकुंबीकडं पावसानं गाडी गेली नाही, किंवा कुरिअरवाला "तुमचं गाव आमच्या एरियात नाही, हबला येऊन घेऊन जावा" म्हणाला, तर त्यासाठी विक्रेत्याचा तारा कापणं हा अन्याय आहे. हां, "घरपोच" असं ठणकावून सांगून टू-पे ट्रान्सपोर्टनं पाठवलं आणि भाडं तुमच्याकडून वसूल झालं, तर तो विक्रेत्याचाच हिशेब.

६. लिहायच्या आधी विक्रेत्याला सांगा आणि मुदत द्या

सेकंडहँड विकणारे पुष्कळ लोक दुकानदार नसतात. कुणाचं शिक्षण संपलं म्हणून पुस्तकं काढतात, कुणाच्या घरात वडिलांची पेटी आता वाजवणारं कुणी नाही. त्यांना दोष माहीतही नसतोय. म्हणून पहिला मेसेज साधा ठेवा:

"नमस्कार, पेटी मिळाली. पॅकिंग चांगलं होतं. जाहिरातीत भाता टाइट लिहिलं होतं पण डाव्या कोपऱ्यात गळती आहे, व्हिडिओ पाठवतोय. काय करता येईल ते शुक्रवारपर्यंत सांगाल का?"

बघा, यात धमकी नाही, ताऱ्यांचा उल्लेख नाही, पुरावा आहे आणि वार ठरलेला आहे. मुद्दाम सांगतो, "पैसे परत द्या नाहीतर एक तारा टाकतो" असं कधीच लिहू नका. ईबेसारख्या ठिकाणी हे नियमातच बसत नाही आणि विक्रेत्यानं तो मेसेज दाखवला तर तुमचाच शेरा काढून टाकतात. शिवाय खऱ्या तक्रारीचं वजन जातंय.

भजनी मंडळाच्या पेटीवाल्याला असाच मेसेज गेला. त्यानं दुसऱ्या दिवशी फोन करून कबूल केलं की चामडं आधी चिकटवलेलं होतं, आणि इथल्याच कारागिराकडून भाता करून घ्या, त्याचे पैसे मी देतो म्हणाला, आणि दिले. मंडळानं चार तारे दिले आणि लिहिलं की भात्याला गळती निघाली जी जाहिरातीत नव्हती, पण सांगितल्यावर दुरुस्तीचा खर्च तक्रार न करता दिला. हे वाचून पुढच्याला दोन्ही कळतंय, या माणसाचं वर्णन जरा तपासून घ्यावं आणि हा माणूस पळून जाणारा नाही. पाच ताऱ्यांनी किंवा एका ताऱ्यानं हे कळलं नसतं.

एक मोठा सापळा इथंच आहे. "उद्या बघतो, परवा बघतो, गावाला आहे" करत विक्रेता गोड बोलत राहतो आणि तक्रारीची मुदत संपते. ईबेवर फीडबॅक द्यायला ६० दिवस असतात पण वस्तू वर्णनाप्रमाणे नाही म्हणून पैसे परत मागायला पोचल्यापासून ३० च. म्हणजे फीडबॅकची मुदत बाकी आहे म्हणून निवांत राहिलात तर पैशांची मुदत गेली. दुसऱ्या ॲपवर हे दिवस वेगळे असतील, पार्सल आल्या दिवशीच बघून कॅलेंडरला लावा. आणि बोलणं ॲपच्या चॅटमध्येच करा, व्हॉट्सॲपवर नेलं की ॲपवाले हात वर करतात.

७. आता तारे ठरवा

माझा हिशेब सांगतो, तुमचा थोडा वेगळा असू शकतो.

सांगितलं तसं निघालं, वेळेत निघालं, तर पाच. वस्तू जुनी आहे, डाग आहे, पण डाग सांगितलेला होता, तरी पाचच. "जुनं आहे म्हणून एक कमी" असं करू नका, जुनं म्हणूनच तर स्वस्तात मिळालं. स्वतःहून दोष सांगणाऱ्याला पाच देणं तर कर्तव्यच समजा, नाहीतर उद्या कोण खरं सांगेल.

छोटा फरक निघाला आणि त्यानं निस्तरला, चार. फरक निघाला, त्यानं उत्तर दिलं पण काही केलं नाही, तीन किंवा दोन, किती पैशांची वस्तू आणि किती वापरता येतेय त्यावर. खोटं सांगितलं, लपवलं, किंवा सांगितल्यावर ब्लॉक केलं, एक. इथं दयामाया नको. "जाऊदे, कशाला कुणाचं वाईट लिहा" असं म्हणून आपली माणसं गप्प बसतात, आणि मग तोच माणूस गोकाकच्या दुसऱ्या कुणालातरी तीच थाप मारतो.

आकड्याचा परिणाम पण माहीत असू द्या. ईबेवरची टक्केवारी मागच्या १२ महिन्यांच्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हवरून काढतात, न्यूट्रल त्यात धरत नाहीत. ज्याला १९ चांगले शेरे आहेत त्याला तुमच्या एका निगेटिव्हनं थेट ९५ टक्क्यांवर आणलं. ज्याला १,९९९ आहेत त्याचे ९९.९५ राहतात, त्याला कळणारही नाही. म्हणून घरातलं सामान विकणाऱ्या नवख्या माणसाकडून खरंच चुकून झालं असेल तर न्यूट्रल देऊन सविस्तर लिहा. आणि जो धंदाच करतोय, महिन्याला शेकड्यानं माल काढतोय, त्याच्याकडून अपेक्षा जास्त ठेवायला हरकत नाही, त्याला चांगला माल कोणता आणि भंगार कोणतं हे पक्कं कळतंय.

८. लिहायचं कसं

नुसते तारे टाकून जाऊ नका. दोन-तीन वाक्यं पुरेत, पण त्यात गोष्टी हव्यात. काय घेतलं, काय सांगितलं होतं, काय निघालं, सांगितल्यावर काय केलं.

"बेकार माणूस, फ्रॉड, कुणी घेऊ नका" यातून काय कळतंय? हेच असं लिहा: "मिक्सर घेतला. जाहिरातीत तिन्ही भांडी आहेत लिहिलं होतं, आलं एकच. दोनदा मेसेज केला, बघितला पण उत्तर नाही." वाचणारा स्वतः ठरवेल.

"फ्रॉड", "चोर" हे शब्द टाळा म्हणतो त्याला दुसरंही कारण आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ बदनामीचं आहे. जे घडलं ते पुराव्यासकट, चांगल्या हेतूनं, लोकांच्या उपयोगासाठी लिहिणं वेगळं आणि शिवी देणं वेगळं. विक्रेत्याचा फोन नंबर, घरचा पत्ता, जात, धर्म, यातलं काहीही लिहायचं नाही.

आणि भाषा. विक्रेता कन्नड बोलतो म्हणून किंवा मराठी बोलतो म्हणून एक शब्दही बरावाईट लिहू नका. सीमाभागात राहताना कुठल्यातरी चॅटमध्ये समोरच्याचं बोलणं तुटक वाटतंय, तो उद्धट आहे असं वाटतंय, पण बऱ्याचदा तो आपली भाषा जमेल तशी टाइप करत असतोय, जसं आपण त्याची करतो. "बोलणं कसं होतं" याचे तारे देताना उत्तर वेळेत आलं का आणि विचारलेलं सांगितलं का एवढंच बघा. हे मला फार महत्त्वाचं वाटतंय, आपल्याकडं दुकानात, बसमध्ये दोन्ही भाषा रोज चालतात, तारे देतानाच ते कशाला मधे आणायचं. तुम्ही कुठल्या भाषेत लिहायचं ते गिऱ्हाइकांवर ठरवा. विक्रेत्याचे बाकी शेरे कन्नडमध्ये असले तर शेजारच्या कुणाकडून दोन ओळी कन्नडमध्ये लिहून घ्या, बेंगळूर-पुण्याचे असले तर सोप्या इंग्रजीत. मराठीतच लिहिलंत तरी चालतंय, पण आकडे आणि तारखा स्पष्ट टाका, ते सगळ्यांना कळतात.

९. सापळे

पाच ताऱ्यांच्या बदल्यात पैसे. पार्सलमध्ये चिठ्ठी असते, "पाच तारे देऊन स्क्रीनशॉट पाठवा, १०० रुपये कॅशबॅक". घेऊ नका. ऑनलाइन रिव्ह्यू खरे असावेत म्हणून भारतीय मानक ब्युरोनं २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढलंय, आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्यानं ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायला बंदी आहे. म्हणजे सरकारलाही हा प्रकार माहीत आहे. त्याच चिठ्ठीवर क्यूआर कोड असला तर आणखी सावध, पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिन तर अजिबात लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून गेले.

"आधी शेरा काढा, मग रिफंड देतो." उलट सांगा, आधी पैसे जमा होऊ द्यात, मग जे झालं ते शेऱ्यात जोडतो. शेरा पुसून टाकण्यापेक्षा जोडलेला बरा.

पाच तारे आधी मागणे. पार्सल हातात पडायच्या आत "ओटीपीबरोबर रेटिंग द्या" म्हणून डिलिव्हरीवाला घाई करत असेल तर ते त्याचं रेटिंग असतंय, विक्रेत्याचं नव्हे, आणि न उघडता द्यायचंही नाही.

खोटे शेरे ओळखणं. विकत घ्यायच्या आधी बाकीच्यांचे शेरे वाचताना एकाच आठवड्यात आलेले, एकाच साच्यातले, वस्तूचं नावही नसलेले पाच-पाच तारे दिसले तर ते बाजूला ठेवून तीन तारेवाले वाचा. तिथं खरी माहिती सापडते.

१०. फसवणूकच झाली असेल तर

पैसे घेतले आणि वस्तू पाठवलीच नाही, डब्यात वीट निघाली, मोबाइल चोरीचा निघाला, तर तारे नंतर. आधी १९३० ला फोन, जितक्या लवकर कराल तितकी पैसे गोठवायची शक्यता जास्त. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर ऑनलाइन तक्रारही होते, त्याला यूटीआर नंबर लागतोय म्हणून तो वर सांगितला. बेळगावात सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचं) पोलीस ठाणं आहे, तिथं कागद घेऊन जाता येतंय.

ॲप किंवा धंदेवाईक विक्रेत्याबरोबरचा वाद असेल तर ॲपच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला (तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला) लिहा. त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निकाल लावायचा असं २०२० च्या नियमांत आहे. तिथं काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठी आणि कन्नड दोन्हीत बोलता येतंय. तक्रार चालू असताना फीडबॅकमध्ये "तक्रार केली आहे, निकाल बाकी" एवढंच टाका, रागाच्या भरात जास्त लिहिलेलं पुढं तुमच्याच विरुद्ध दाखवतात.

११. नंतर बदल करायचा असेल तर

विक्रेत्यानं उशिरा का होईना निस्तरलं, तर शेऱ्यात तारखेसकट जोडा, तारे वाढवायचे तर वाढवा. सगळ्या ठिकाणी शेरा बदलता येत नाही, ईबेवर विक्रेत्यानं बदलाची विनंती पाठवली तरच बदलतो, त्यामुळं तसं तोंडी ठरलं असेल तर त्याला विनंती पाठवायला सांगा. उलटंही होतंय, पाच तारे दिले आणि महिन्याभरात वस्तू बंद पडली. आधी विचार करा की ती वापरानं बंद पडली की आधीचाच दोष होता. जुन्या मोटरचा ब्रश झिजला तर तो झिजणारच होता. पण उघडून बघितल्यावर आत जळालेली वाइंडिंग (तारांचं वेटोळं) वरून वॉर्निश मारून झाकलेली दिसली, तर मिस्त्रीकडून फोटो काढून घ्या, विक्रेत्याला पाठवा, त्याला बोलायला दोन-तीन दिवस द्या, आणि मग जुन्या शेऱ्याखाली जे दिसलं ते तसंच लिहा.